स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स: आधी मोजायला शिका

असंख्य कणांच्या अवस्था मोजून तापमान, दाब असे गुण काढणारा विषय म्हणजे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. त्याचा पेपर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी किंवा एम.एस्सी.ला समोर येतो. तोवर मुलांचा इंटिग्रेशनवर हात बसलेला असतो, थर्मोडायनॅमिक्सची सूत्रं पाठ असतात. तरीही या पेपरला मार्क जातात, आणि ते बहुतेक वेळा इंटिग्रल चुकलं म्हणून जात नाहीत. मोजायचं काय, हेच आधी नीट ठरवलेलं नसतं. तीन अवस्था असताना एक धरली, सारख्या रेणूंना वेगवेगळं धरलं, एकच गोष्ट दोनदा मोजली, की पुढचं दोन पानांचं गणित कितीही बिनचूक असो, उत्तर चुकीचंच येणार. पुण्यात गणेशखिंडीत विद्यापीठात शिका, पाषाणला आयसरमध्ये शिका, नाहीतर फर्ग्युसन कॉलेजला. 'स्टॅट मेक'चा गाभा मोजणी हाच आहे. त्यामुळे इथे सूत्रांपेक्षा मोजणीवर जास्त वेळ घालवू.

दोन शब्द लागतील. व्यवस्थेतला प्रत्येक कण नेमका कोणत्या अवस्थेत आहे याचं संपूर्ण वर्णन म्हणजे मायक्रोस्टेट. बाहेरून आपल्याला दिसतं तेवढंच वर्णन, म्हणजे एकूण ऊर्जा, आकारमान, कणांची संख्या, हा झाला मॅक्रोस्टेट. एका मॅक्रोस्टेटच्या पोटात असंख्य मायक्रोस्टेट असतात. आणि सगळा विषय एकाच गृहीतकावर उभा आहे: व्यवस्था बाहेरच्या जगापासून तोडलेली असेल, तर तिला शक्य असलेले सगळे मायक्रोस्टेट सारखेच संभाव्य. हे गृहीतक खरं का, एर्गोडिक प्रमेय काय म्हणतं, यावर पुस्तकं बरीच पानं खर्च करतात. पहिल्या वाचनात ती पानं सरळ सोडून द्यावीत.

बारा ओळींचं गणित, पण हाताने करा

सहा ऑसिलेटर, म्हणजे कंप पावणारे कण, घ्या. प्रत्येक आपापल्या जागी बसलेला आहे, त्यामुळे कोणता कोणता ते ओळखता येतं. प्रत्येकाला ऊर्जा पूर्ण क्वांटममध्येच (ठरावीक मापाच्या पुडक्यांत; अनेक असले की क्वांटा) घेता येते: शून्य, एक, दोन, असं. दोन ऑसिलेटरचा एक ठोकळा, चारांचा दुसरा. दोन्ही एकमेकांना चिकटवले आणि दोघांत मिळून ६ क्वांटा दिले. पहिल्या ठोकळ्याकडे किती जातील?

दोन ऑसिलेटरमध्ये काही क्वांटा वाटायचे प्रकार सोपे आहेत: क्वांटा अधिक एक. चारांमध्ये ० ते ६ क्वांटा वाटायचे प्रकार अनुक्रमे १, ४, १०, २०, ३५, ५६ आणि ८४. आता पहिल्याकडे शून्य असतील तर दुसऱ्याकडे सहा, म्हणून १ गुणिले ८४. पहिल्याकडे एक, तर २ गुणिले ५६ म्हणजे ११२. दोन असतील तर ३ गुणिले ३५, म्हणजे १०५. पुढे ८०, ५०, २४, आणि सगळे सहा पहिल्याकडे आले तर ७. एकूण बेरीज ४६२. सहा ऑसिलेटरमध्ये सहा क्वांटा थेट वाटले तरी ४६२ च येतात. ही पडताळणी दरवेळी करायची. जुळलं नाही तर काहीतरी दोनदा मोजलंय किंवा राहून गेलंय.

या आकड्यांत एक गंमत आहे. सर्वांत जास्त प्रकार आहेत ते पहिल्याकडे १ क्वांटम असण्याचे. पण सरासरी काढली (११२ अधिक २१०, २४०, २००, १२०, ४२; भागिले ४६२) तर नेमकी २ येते, म्हणजे दर ऑसिलेटरमागे एक. सर्वाधिक संभाव्य आकडा आणि सरासरी वेगवेगळे! परीक्षेत 'मोस्ट प्रोबेबल' विचारलं असताना सरासरी लिहून मार्क घालवणारे दरवर्षी निघतात. व्यवस्था मोठी झाली की हा फरक नगण्य होतो, म्हणून पुस्तकं दोन्ही शब्द खुशाल अदलाबदलीने वापरतात. लहान व्यवस्थेत तसं चालत नाही.

मोठी म्हणजे किती? पुण्याच्या हवेने भरलेल्या एक लिटरच्या बाटलीत साधारण २.३ गुणिले १०^२२ रेणू असतात. डाव्या अर्ध्या भागात किती, हे सतत थोडं इकडेतिकडे होतं. हा चढउतार प्रमाणात मोजला तर रेणूंच्या एकूण संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त, म्हणजे एक लाख कोटींत सहा-सात. असा फरक पकडणारा दाबमापक कुठे मिळणार? रेणू बेभरवशाचे असूनही वायूचे नियम भरवशाचे वाटतात ते यामुळे.

एंट्रॉपी आणि तापमान

दोन ठोकळे जोडले की प्रकारांचा गुणाकार होतो. एंट्रॉपीची मात्र बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करून देणारं फंक्शन म्हणजे लॉग, म्हणून एंट्रॉपी म्हणजे प्रकारांच्या संख्येचा नॅचरल लॉग, गुणिले एक स्थिरांक. व्हिएन्नात बोल्ट्झमनच्या थडग्यावर हेच सूत्र कोरलेलं आहे, पण त्या रूपात ते लिहिलं प्लांकने. स्थिरांकाची किंमत २०१९ पासून व्याख्येनेच पक्की केली आहे: १.३८०६४९ गुणिले १०^(−२३) ज्यूल प्रति केल्विन.

तापमान इथून निघतं. ठोकळ्याला थोडी ऊर्जा दिली की त्याची एंट्रॉपी किती वाढते, तो दर म्हणजे तापमानाचा व्यस्त. ऊर्जा दिल्यावर ज्याची एंट्रॉपी भराभर वाढते तो थंड, जेमतेम वाढते तो गरम. ऊर्जा गरमाकडून थंडाकडे जाते, कारण एकाचे प्रकार जितके कमी होतात त्याहून दुसऱ्याचे जास्त पटीने वाढतात. दोघांचे दर सारखे झाले की देवाणघेवाणीतून एकूण फायदा उरत नाही, आणि समतोल येतो. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम म्हणून वेगळं काही पाठ करायला उरत नाही.

आता त्याच सहा ऑसिलेटरकडे परत पाहू, पण वाटणी बदलून: एक ऑसिलेटर एकीकडे, बाकीचे पाच दुसरीकडे. ६ क्वांटा तेच. एकट्याकडे शून्य असतील तर पाचांचे प्रकार २१०. एक असेल तर १२६. मग ७०, ३५, १५, ५, १. बेरीज पुन्हा ४६२. लागोपाठच्या आकड्यांचं गुणोत्तर काढा: १२६ भागिले २१० म्हणजे ०.६, ७० भागिले १२६ म्हणजे ०.५६, मग ०.५, मग ०.४३. एकट्याला जास्त ऊर्जा मिळण्याची शक्यता कमी होत जाते हे दिसलंच. पण गुणोत्तरही घसरतंय. कारण पाच ऑसिलेटरांचा साठा फार लहान. एक क्वांटम गेला की साठाच थंड होतो.

साठा मोठा करा. ६००० ऑसिलेटर, ६००० क्वांटा, त्यातला एक आपला. पहिलं गुणोत्तर ६००० भागिले ११९९८, म्हणजे ०.५०००८. दुसरं ०.५०००४. तिसरं ०.५. घसरण जवळपास थांबली. मार्केट यार्डातल्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामातून कांद्याचं एक पोतं उचललं काय नि दुसरं उचललं काय, भाव हलत नाही. हातगाडीवरून पोतं उचललं तर लगेच हलतो. मोठा साठा म्हणजे 'हीट बाथ', आणि न हलणारा भाव म्हणजे त्याचं तापमान.

गुणोत्तर स्थिर, म्हणजे संभाव्यता दर पायरीला त्याच पटीने घटते. यालाच एक्स्पोनेन्शियल म्हणतात. अवस्थेची संभाव्यता ई^(−ऊर्जा/केटी) च्या प्रमाणात: हा झाला बोल्ट्झमन घटक. केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान. पुस्तकात याची सिद्धता टेलर विस्ताराने तीन ओळींत उरकलेली असते आणि ती घोकली जाते. वरचे आकडे एकदा हाताने काढले की त्या तीन ओळींत काय गृहीत धरलंय ते कळतं: साठा इतका मोठा की त्याचं तापमान बदलत नाही. साठा लहान असेल तर हा घटक वापरायचा नाही.

आकडे डोक्यात ठेवा

३०० केल्विनला केटी म्हणजे सुमारे एक चाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. निम्मे प्रश्न या एका आकड्यावर तोंडी सुटतात. ऊर्जेतलं अंतर याहून खूप लहान असेल तर वरच्या-खालच्या अवस्था जवळपास सारख्या भरलेल्या. खूप मोठं असेल तर वरची ओस.

एक जवळचं उदाहरण. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, सिंहगड सुमारे १३१२. हवेच्या सरासरी रेणूला (वजन २९ एकक) एवढं वर चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले ७५० मीटर. ती ३०० केल्विनच्या केटीच्या ०.०८६ पट भरते. ई चा उणे ०.०८६ घात ०.९२ च्या आसपास. म्हणून गडावर हवेचा दाब शहरापेक्षा सुमारे ८ टक्के कमी. हेच गणित समुद्रसपाटीपासून शहरापर्यंत केलं तर ६ टक्के घट येते, आणि म्हणून पुण्यात पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. यात खालपासून वरपर्यंत तापमान एकच धरलंय. खऱ्या वातावरणात ते किलोमीटरमागे साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. सिंहगडापर्यंत चालून जातं, हिमालयात जाईल तसा फरक दिसू लागतो.

पार्टिशन फंक्शन

सगळ्या अवस्थांच्या बोल्ट्झमन घटकांची बेरीज म्हणजे पार्टिशन फंक्शन. नाव भारदस्त असलं तरी काम एकच: संभाव्यतांची बेरीज एक व्हावी म्हणून खाली भागायचा आकडा. ढोबळमानाने तो सांगतो की या तापमानाला किती अवस्था खरोखर वापरात आहेत. वरच्या ऑसिलेटरचं गुणोत्तर अर्धं होतं, तर बेरीज १ अधिक अर्धा अधिक पाव, असं पुढे न संपता, म्हणजे २. सरासरी क्वांटा १, जो आपण सुरुवातीला दिलेलाच होता.

इथून पुढचा रस्ता ठरलेला आहे. अवस्था लिहा, प्रत्येकीची ऊर्जा लिहा, एकाच ऊर्जेच्या किती अवस्था आहेत ते मोजा, बेरीज करा, लॉग घ्या. लॉगला उणे केटीने गुणलं की हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जा. तिचं तापमानाने डेरिव्हेटिव्ह घेऊन चिन्ह बदललं की एंट्रॉपी, आकारमानाने घेऊन चिन्ह बदललं की दाब. शून्य ऊर्जा कुठे धरली याने संभाव्यता बदलत नाहीत, मुक्त ऊर्जा मात्र तेवढीच सरकते. उत्तरपत्रिकेत अर्ध्या गणितात एक शून्य आणि उरलेल्यात दुसरं, असं झालं की हमखास घोटाळा.

नायट्रोजनवर हे लावून पाहा. त्याच्या कंपनाचा एक क्वांटम तापमानाच्या भाषेत (ऊर्जा भागिले बोल्ट्झमन स्थिरांक) सुमारे ३४०० केल्विनचा. ३०० केल्विनला घटक ई चा उणे ११.३ घात, म्हणजे लाखात एखादाच रेणू वरच्या पायरीवर. त्यामुळे कंपन गोठलेलं. फिरण्याची पायरी मात्र जेमतेम ३ केल्विनची, ती पूर्ण खुली. म्हणून मोलमागे स्थिर आकारमानाची उष्माधारकता ५/२ आर (आर म्हणजे वायू-स्थिरांक), २०.८ ज्यूल प्रति केल्विन. इक्विपार्टिशन (हालचालीच्या प्रत्येक प्रकाराला ऊर्जेचा सारखा वाटा देणारा नियम) आंधळेपणाने लावून ७/२ लिहिणारे इथे अडकतात. तो नियम लावायच्या आधी केटी पायरीपेक्षा खूप मोठा आहे ना, हे तपासायचंच.

तीनला एक धरलं की काय होतं

पुण्यापासून उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. तिच्या कामांपैकी एक म्हणजे हायड्रोजनची २१ सेंटिमीटर रेषा टिपणं. हायड्रोजनच्या तळाच्या पातळीत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचे स्पिन मिळून दोन पायऱ्या होतात. त्यांच्यातलं अंतर १४२० मेगाहर्ट्झ, तापमानाच्या भाषेत फक्त ०.०६८ केल्विन.

आकाशगंगेतला १०० केल्विनचा हायड्रोजन घ्या. किती टक्के अणू वरच्या पायरीवर? ०.०६८ भागिले १०० नगण्य, घटक जवळपास १, म्हणून निम्मे-निम्मे असं चटकन लिहिलं जातं. चूक. वरची पायरी म्हणजे एकूण स्पिन १, तिच्यात ३ अवस्था. खालची स्पिन ०, तिच्यात १. प्रमाण ३ ला १, म्हणजे ७५ टक्के अणू वर. विश्वाच्या पार्श्वभूमीच्या २.७ केल्विनला उतरलं तरी ते ७४.५ टक्केच राहतं. बोल्ट्झमन घटक अवस्थेचा असतो, पायरीचा नव्हे. पायरीसाठी डिजनरसीने, म्हणजे त्या पायरीवरच्या अवस्थांच्या संख्येने, गुणावं लागतं. एवढे अणू वर असूनही एकटा अणू स्वतःहून खाली यायला सरासरी १.१ कोटी वर्षं घेतो, म्हणून संकेत मिळायला प्रचंड हायड्रोजन लागतो.

सूर्याच्या पृष्ठभागावर (५८०० केल्विन) हायड्रोजनची दुसरी पातळी १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आहे आणि केटी अर्धा. घटक ई चा उणे २०.४ घात, डिजनरसीचं गुणोत्तर ४. वीस कोटींत एखादाच अणू तिथे सापडतो. सूर्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या ठळक रेषा या मूठभर अणूंच्या जिवावर आहेत. मेघनाद साहांचं १९२० चं आयनीकरणाचं समीकरण याच मोजणीचं पुढचं पाऊल. त्यात सुटलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळ्या जागेत किती अवस्था मिळतात तेही मोजावं लागतं.

सारखे कण

एकाच वायूचे एक-एक मोल दोन सारख्या खोक्यांत, दाब-तापमान तेच, आणि मधला पडदा काढला. काहीच घडलं नाही. पण रेणूंना नावं देऊन मोजलं तर एंट्रॉपी दोन आर लॉग २, म्हणजे ११.५ ज्यूल प्रति केल्विन वाढलेली दिसते. हा गिब्जचा विरोधाभास. उपाय: एका रेणूच्या पार्टिशन फंक्शनचा एन-वा घात घेऊन त्याला एन फॅक्टोरियलने भागायचं. सारख्या रेणूंच्या अदलाबदलीने नवा मायक्रोस्टेट होत नाही.

उलट चूकही तितकीच नेहमीची. स्फटिकातले अणू आपापल्या जागेला बांधलेले, त्यामुळे जागेवरून ओळखता येतात. तिथे फॅक्टोरियलने भागायचं नाही. गणित सुरू करायच्या आधी एका ओळीत लिहा: कण बांधलेले की मोकळे.

फॅक्टोरियलच्या लॉगसाठी स्टर्लिंगचं सूत्र वापरतात: एन लॉग एन उणे एन. दहाला ते १३.० देतं, खरं १५.१. शंभराला ३६०.५ विरुद्ध ३६३.७. लहान आकड्यांच्या प्रश्नात वापरू नका. वापरायचंच तर दोन पाय एन च्या लॉगचं अर्धं मिळवा, मग दहालाही १५.१ येतं.

कणांचीही देवाणघेवाण असेल तर केमिकल पोटेन्शियल, म्हणजे एक कण वाढवल्याने मुक्त ऊर्जेत पडणारा फरक, येतं. ते खोलीतल्या वायूला ऋण निघालं की मुलं चिन्ह चुकलं समजून खोडतात. खोडू नका. नायट्रोजनसाठी ते सुमारे उणे ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असायलाच हवं.

फॅक्टोरियलने भागणंही कामचलाऊच आहे. दोन कण, तीन अवस्था घ्या. नावं दिली तर ९ प्रकार. दोन फॅक्टोरियलने भागलं तर साडेचार, आणि साडेचार प्रकार कधी असतात का? बोसॉन (एका अवस्थेत कितीही राहू शकणारे कण) असतील तर खरे प्रकार ६, फर्मिऑन (एका अवस्थेत एकच राहू शकणारे) असतील तर ३. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनला पाठवलेल्या लेखात प्रकाशकण बोसॉनच्या पद्धतीने मोजले आणि तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा प्लांकचा नियम सरळ बाहेर पडला. अवस्था कणांपेक्षा प्रचंड जास्त असतील तर एकाच अवस्थेत दोघे येण्याचा प्रसंगच विरळा, आणि तिन्ही मोजण्या जुळतात. खोलीतल्या नायट्रोजनची औष्णिक तरंगलांबी (त्या तापमानाला रेणूचा क्वांटम पसारा) ०.०१९ नॅनोमीटर, रेणूंतलं अंतर साडेतीन. म्हणून तिथे फॅक्टोरियल चालून जातं.

तांब्यातल्या इलेक्ट्रॉनना मात्र नाही. त्यांचं फर्मी तापमान (सर्वांत वरच्या भरलेल्या अवस्थेची ऊर्जा, तापमानाच्या भाषेत) ८०,००० केल्विनच्या आसपास, त्यापुढे ३०० म्हणजे थंडगारच. वरच्या काठावरचे थोडे इलेक्ट्रॉन सोडले तर बाकीच्यांना शेजारची अवस्था आधीच भरलेली सापडते, ते ऊर्जा घेऊच शकत नाहीत. म्हणून खोलीच्या तापमानाला तांब्याच्या उष्माधारकतेत त्यांचा वाटा एका टक्क्याहून कमी. तो वेगळा काढायचा तर धातू काही केल्विनपर्यंत थंड करावा लागतो: इलेक्ट्रॉनचा वाटा तापमानाच्या प्रमाणात उतरतो, अणूंच्या कंपनांचा घनाच्या प्रमाणात, आणि सुमारे ४ केल्विनखाली इलेक्ट्रॉन वरचढ ठरतात. उभ्या अक्षावर उष्माधारकता भागिले तापमान आणि आडव्या अक्षावर तापमानाचा वर्ग घेऊन बिंदू मांडा. सरळ रेष येते. तिचा उतार कंपनांचा, आणि उभ्या अक्षाला ती जिथे छेदते तो आकडा इलेक्ट्रॉनचा.